लक्षद्वीपच्या आधी कवडीपाट

अरे, जानेवारीत लक्षद्वीपला निघालायस ना, मग त्याआधी चार रविवार पहाटे पक्षी बघायला पुण्याजवळच्या कवडीपाटला काढ. मुळा-मुठेच्या पाण्याला वास मारतो, पण तुतवार हा छोटा पाणपक्षी तिथे अगदी जवळून दिसतो, शेपटी सारखी खाली-वर हलवत. डोळ्याभोवती पिवळं कडं दिसलं की तो कंठेरी चिखल्या. एवढं डोळ्यात बसलं की बेटावर गोंधळ कमी होतो.

बेटावर सोनचिखल्या शोध. पाठीवर सोनेरी ठिपके असतात. करडा चिखल्या लांबून तसाच वाटतो, म्हणून तो उडेपर्यंत थांब. पंखाखाली काखेत काळा डाग दिसला तर करडाच. हाच सोनचिखल्या अलास्काहून हवाईपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर सलग उडतो, वाटेत टेकायला जमीनच नाही! परतीच्या अशा प्रवासासाठी हे पक्षी हिवाळ्याअखेर अंगावर चरबी चढवतात, आणि उगाच उडवलं की ती खर्च होते. त्यामुळे भरतीला वाळूवर थवा एका पायावर विसावलेला असेल तर पुढे सरकू नकोस. फोटो राहिला तर राहू दे. ओहोटीला बघ, सूर्य पाठीशी ठेवून. दुर्बीण कमी पडेल. माझा स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण, घेऊन जा.