एका ट्रॅकला दोन प्लेलिस्ट कशाला?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मिळून लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक छोटा व्हिडिओ एडिटर बनवतोय. सुरुवातीला हौसेने चाळीस पानी डिझाइन डॉक्युमेंट लिहिलं. आता कोड पार बदललाय, आकृत्या जुन्याच आहेत. बाकीचे तिघं म्हणतात, फेकून दे, कोड वाचला की कळतं. सगळं नव्याने लिहू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नव्याने लिहू नका. सहा महिन्यांनी पुन्हा मलाच पत्र लिहाल.

मी नोकरी करत होते तिथे भिंतीवर आर्किटेक्चरचा भलामोठा कागद लावलेला होता. त्यातला ‘रेंडर मॅनेजर’ हा चौकोन कोडमधून केव्हाच गेला होता. नवा आलेला मुलगा दीड दिवस तो शोधत बसला. मी शेजारीच होते, पण त्या कागदाकडे बघायची सवयच सुटली होती.

तुमच्या मित्रांचं अर्धं बरोबर आहे. काय आहे ते कोड सांगतो. का आहे ते सांगत नाही. केडेनलाइव्ह हा मोफत एडिटर घ्या. त्याची टाइमलाइन जवळपास नव्याने लिहून एप्रिल 2019 मध्ये 19.04 आवृत्ती आली. त्यात एका ट्रॅकमागे एमएलटीच्या (केडेनलाइव्ह ज्या व्हिडिओ लायब्ररीवर उभा आहे तिच्या) दोन प्लेलिस्ट, म्हणजे एकामागून एक लावलेल्या क्लिपच्या दोन रांगा, आहेत. नुसता कोड वाचणारा म्हणेल, दुसरी कशाला, काढून टाका. पण एकाच प्लेलिस्टमध्ये दोन क्लिप एकमेकींवर चढवता येत नाहीत. त्याच ट्रॅकवर एका क्लिपमधून दुसरीत विरघळत जायचं तर दुसरी जागा हवीच. ती सोय प्रत्यक्षात आली 20.12 आवृत्तीत. तोवर ती प्लेलिस्ट का सांभाळायची, हे कुठेतरी लिहिलेलं हवं ना?

तसंच क्लिपला पॉइंटरऐवजी (म्हणजे मेमरीतल्या पत्त्याऐवजी) आयडी देण्याचं. क्लिप डिलीट करून अनडू केलं की मेमरीतली वस्तू नवी तयार होते. जुना पॉइंटर धरून बसलेली अनडूची यादी तिथेच कोसळते. आयडी तोच ठेवला तर निभावतं. दोन ओळींचं कारण आहे, पण माहीत नसलेला माणूस ‘सुधारणा’ म्हणून पुन्हा पॉइंटर आणेल. (मी आणला होता. शुक्रवारी संध्याकाळी.)

तेव्हा वर्गांची नावं, फंक्शनच्या याद्या खुशाल उडवा. उरलेली ‘का’ची कारणं कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड जिथे साठवता तिथेच) साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, म्हणजे कोड बदलणाऱ्याला त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) ती ओळही बदलता येते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला विचारता येतं. वेगळ्या वर्ड फाइलकडे कोणी फिरकत नाही. जुना निर्णय मोडलात तर पुसू नका, खाली तारीख घालून नवा लिहा. सगळ्यांत शेवटी आलेल्या मित्राला ‘हे असं का?’ असे प्रश्न काढायला सांगा आणि तिथून सुरुवात करा.

प्रोजेक्ट फाइलच्या फॉरमॅटचं पान मात्र आधी. केडेनलाइव्हमध्ये अपूर्णांकात टिंब की स्वल्पविराम, हे संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर ठरायचं. एकीकडे जतन केलेली फाइल दुसरीकडे बिघडायची. हे निस्तरलं 20.08 मध्ये, आणि त्या आवृत्तीतले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडेनासे झाले. तुमच्या फाइलमध्ये दीड सेकंद कसा लिहिला जातो, 1.5 की 1,5, हे चौघांना वेगवेगळं विचारून बघा.