गोव्यात कुटुंबासह बाहेर जेवताना

गोव्यात नव्याने राहायला आलेल्या तुमच्यासारख्या कुटुंबाला माझा पहिला सल्ला वेळेविषयी आहे. दुपारी माशांची थाळी खायची असेल, तर साडेबाराच्या सुमारास पोहोचावे, कारण पुष्कळ खाणावळी तीननंतर बंद होतात आणि उशिरा येणाऱ्याला तिसऱ्या (शिंपले) किंवा किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर) मिळेलच असे नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना मी स्वतः एकदा असेच उपाशी परत आणले आहे. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव रोज बदलतो, त्यामुळे तळलेल्या तुकडीचा दर आधीच विचारावा, त्यात संकोच कसला? १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते; तेव्हा मोठ्या माशाचा हट्ट न धरता खाडीतले मासे आणि सुका बांगडा मागवावा. मुलांना हुमण, म्हणजे माशांची आमटी, तिखट लागले, तर सोलकढी-भात पुरतो.

गोडाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. बेबिंका या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थात अंड्यांचे बलक भरपूर असतात, ही गोष्ट शाकाहारी आजी-आजोबांना चमचा हातात देण्यापूर्वीच सांगावी. त्यांच्यासाठी तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ आटवून केलेले दोदोल मागवावे. बेबिंक्याचा प्रत्येक थर स्वतंत्रपणे भाजावा लागतो, म्हणून तो महाग वाटला तरी घासाघीस करू नये. तो जड असतो. चौघांत दोन तुकडे पुरे होतात, आणि किंचित कोमट करून मागितल्यास नारळाचा स्वाद अधिक खुलतो.