चिऊ, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

चिऊ,

परवा गाडीत मी शास्त्रीय गाणं लावलं होतं तेव्हा तू विचारलंस, "बाबा, हे तुला खरंच आवडतं का, की आवडायला पाहिजे म्हणून ऐकतोस?" आणि त्याच दमात, "गाणं नक्की सुरू कधी होणार?" तेवढ्यात ऑर्केस्ट्राच्या प्रॅक्टिसची जागा आली, तू चेलो काढून पळालीस आणि मी गाणं संपेपर्यंत पार्किंगमध्येच बसलो. प्रश्न मला लागला, खरं सांगतो. बोलून सांगायला गेलो तर लेक्चर वाटेल म्हणून लिहितोय. मोठं झालंय, जमेल तसं वाच, अडलं तर आई वाचून दाखवेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. लहानपणी तरी "आवडायला पाहिजे" हेच खरं होतं. सांगलीच्या घरी शनिवारी रात्री आकाशवाणीचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा आणि अप्पा आजोबा रेडिओसमोर खुर्ची ओढून बसायचे. तेव्हा कोणी बोलायचं नाही, ताटांचा आवाज करायचा नाही, मी आणि तुझी आत्या जमिनीवर पालथे पडून गृहपाठ करायचो. आम्हाला कोणी "ऐका" म्हटलं नाही आणि जाऊही दिलं नाही. निम्म्या वेळा मी तिथेच झोपायचो, आणि स्वयंपाकघर आवरून आजी यायची तीही पाच मिनिटांत भिंतीला टेकून डुलक्या घ्यायला लागायची, दिवसभर राबलेली बाई, काय करणार. पण त्याच आजीला लावणी मनापासून आवडायची. अप्पा ऑफिसला गेले की ती रेडिओचा आवाज बारीक करून लावण्या ऐकायची, आणि अप्पांसमोर लावणी लागली की रेडिओ बंद व्हायचा.

ही गोष्ट मला आज जास्त टोचते. शास्त्रीय गाणं म्हणजे चांगल्या घरातली गोष्ट आणि बाकीचं खालचं, असं आमच्याकडे कोणी तोंडाने म्हटलं नाही पण ते हवेत होतं. त्यामुळे तू "पाहिजे म्हणून" म्हणालीस तेव्हा मला आधी आजीचा तो बारीक केलेला रेडिओ आठवला. तुझ्यावर तसं काही यावं असं मला अजिबात वाटत नाही. तरीही अप्पांचं काही चुकलं असंही मला म्हणवत नाही, कारण ती शांतता नसती तर माझ्या कानावर हे पडलंच नसतं. दोन्ही खरं वाटतं मला, काय करू.

मागे एकदा तू असंही विचारलं होतंस की शब्द मराठी नाहीत तर हे "आपलं" कसं. बरोबर आहे, बहुतेक बंदिशी, म्हणजे गायच्या ओळी, ब्रजभाषेत असतात, मलाही सगळे शब्द कळत नाहीत. आणि शब्दच कशाला, गाणारी माणसंही लांबून आली. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे, ते येऊन मिरजेत राहिले. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी होते. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, गदगचे, घरची भाषा कानडी. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, तेही कानडी. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर गोव्याच्या. एवढ्या ठिकाणांहून आलेलं गाणं आमच्या गावाकडच्या सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मुरलं, तिथल्या लोकांनी ऐकलं, जपलं, आपलं मानलं. एवढंच "आपलं" मला पुरतं. तू जर्मनीत बसून ऐकलंस तर तेही त्यातच धर.

आता मिरजेचं सांगतो, कारण खरी सुरुवात तिथे झाली. सांगलीहून मिरज म्हणजे एसटीने अगदी थोडं अंतर. अप्पांच्या एका मित्राचा तानपुरा दुरुस्तीला जायचा आणि तो उचलायला मला नेलं जायचं. सतारमेकरांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाळवलेले मोठमोठे भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारींना धार लावणारी, तलवारींचे दिवस गेल्यावर वाद्यांकडे वळलेली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी तुला मेसेज केला होता, तू अंगठा पाठवला होतास.

तिथले एक चाचा जवारी लावायचे, म्हणजे तारेचा झणकार जुळवायचे, ते मी तासन् तास बघत बसायचो. तानपुऱ्याला चार तारा, एक मंद्र पंचमाची (खालचा प), मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा). तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा ते कानसेने अगदी थोडा थोडा घासायचे, तार छेडायचे, ऐकायचे, परत घासायचे. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवायचे. दोरा जागेवर नसेल तर तार नुसती टण्ण वाजते आणि मरते. नखाएवढा पुढे सरकला की एकदम ती तार उघडते, झणझणत राहते, खोली भरून जाते. मग ते चारी तारा सावकाश छेडत म्हणायचे, "गंधार ऐकू येतोय का?" गंधार म्हणजे ग. मला कळायचंच नाही, गंधाराची तारच नव्हती, पंचम आणि षड्ज सोडून काही लावलेलंच नव्हतं, मग गंधार कुठून येणार? तुला हार्मॉनिक्स माहितीयत, खर्जाच्या तारेतून तो आपोआप उमटतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, मी नुसता बसून राहायचो. आणि एका दुपारी तो आला. कोणी वाजवत नव्हतं आणि स्पष्ट ऐकू येत होता, वर कुठेतरी तरंगत असल्यासारखा. त्यानंतर आजपर्यंत तानपुरा लागला आणि मला गंधार ऐकू आला नाही असं झालेलं नाही.

तुला आवडावं म्हणून मी काय करू शकतो याचा विचार करतो तेव्हा मला ते चाचाच आठवतात. ते विचारायचे आणि परत कामाला लागायचे, "ऐकू यायलाच पाहिजे" असं कधी म्हणाले नाहीत.

त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणं होतं. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. कलाकार हजेरी लावायला येतात, तिकीट नाही, कोणीही येऊन बसावं. मी बघितलंय, शेजारी फळगाडीवाला बसलाय, पलीकडे लेकराला मांडीवर झोपवून एक बाई, आणि समोर कोणीतरी मोठा गवई गातोय. "हे चांगल्या घरातल्यांचं" हे माझ्या डोक्यातून तिथे पुसलं गेलं.

आणि आवडायला खरं कधी लागलं ते सांगतो. दहावीनंतरची सुट्टी, संध्याकाळ, घरी मी एकटा, रेडिओवर कोणीतरी मारवा राग गात होतं. का कोण जाणे पण मला अस्वस्थ व्हायला लागलं, बंद करावंसं वाटेना आणि ऐकवेना. पुढे कळलं की मारव्यात पंचम नसतोच, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, आणि मुख्य म्हणजे गायक षड्जावर येणं टाळत राहतो, सगळं त्याच्या अवतीभवती फिरतं पण घरी कोणी येत नाही. आणि मग बऱ्याच वेळाने तो एकदाचा षड्जावर आला आणि थांबला आणि माझा इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटला. मला कोणी सांगितलं नव्हतं की इथे असं वाटायला पाहिजे. म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे की चिऊ, त्या संध्याकाळपासून मला खरंच आवडतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू सुरुवात शोधत असतेस तेव्हा गाणं सुरू झालेलंच असतं. तुझ्यापुढे कागदावर सगळं लिहिलेलं असतं आणि वाजवायला लागलं की ते पुढे पुढे जातं. इथे कागद नाही. बंदिश म्हणजे दोन-चार ओळी, स्थायी आणि अंतरा, बस. बाकीचा पाऊण तास तो माणूस तिथल्या तिथे रचत असतो. आधी एकेक स्वर घेऊन दाखवतो, या रागात त्याच्याकडे कसं जायचं, किती वेळ थांबायचं, कुठून वळायचं. म्हणून "तेच तेच" वाटतं. तुझा षड्जही आमच्यासारखा नाही, तुमच्याकडे सगळा ऑर्केस्ट्रा एकाच पट्टीत लावतात, आमच्याकडे गाणारा आपल्या गळ्याप्रमाणे ठरवतो, पुरुष बरेचदा पेटीच्या काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाच.

तुला एक करून बघता येईल. भूप आणि देसकार हे दोन राग घे. दोन्हींत स्वर तेच, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद (म आणि नी) दोघांतही नाहीत. उतरवून काढलंस तर तुझ्या कागदावर जवळपास सारखंच दिसेल. पण भूपात सगळा भार गंधारावर, तो रात्रीच्या सुरुवातीचा, आणि देसकारात धैवतावर (ध), तो सकाळचा, वरच्या अंगाला खेळणारा. आधी दोन्ही सारखेच वाटतील. वाटू देत.

आणि तालासाठी सुरुवातीला द्रुत तीनतालच घे, 16 मात्रा, मांडीवर मोज. विलंबित एकतालाच्या नादी आत्ता लागू नकोस, तिथे 12 मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभरसुद्धा चालतं आणि नवीन माणूस हरवतो. तीनतालात नवव्या मात्रेच्या पुढे डग्ग्याचा, म्हणजे तबल्यातल्या डाव्याचा, घुमारा थोडा वेळ गायब होतो आणि मग परत भरतो. तो भरला की समजायचं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली. आत्याच्या झोपाळ्यावर पाय टेकायच्या आधी तुला पोटात कसं व्हायचं, तसंच होतं तेव्हा. गवई कुठे कुठे फिरून नेमका तिथे कसा पोचतो हे एकदा पकडलंस की पाऊण तास मोठा वाटणार नाही. आणि तेवढाही वेळ नको असेल तर जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या ऐक, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात सगळं सांगून टाकलंय. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी तर 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तू त्या सोनेरी तबकडीचं चित्र काढलं होतंस ना, तीच.

रागांच्या वेळेचं मात्र मला इथे खरंच जमत नाही आणि त्यावर मी अजून विचार करतोय. यमन म्हणजे दिवेलागणीचा, पण इथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. मग घड्याळ बघायचं की खिडकी? मी खिडकी बघतो. नोव्हेंबरात चार-साडेचारच्या करड्या उजेडात मारवा इतका बरोबर बसतो की सांगलीतसुद्धा तसा बसला नसेल. मल्हाराचं मात्र या थंड पावसात काही केल्या जुळत नाही, त्याला मागे तापलेली माती लागते. आणि तिकडेही आता वेळ कुठे पाळता येते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरूंच्या आठवणीसाठी सुरू केलेला, पूर्वी रात्रभर चालायचा. अप्पा मला रमणबागेत घेऊन गेले होते, डिसेंबरची थंडी, एका घोंगडीत आम्ही दोघं, पहाटे पहाटे माझे डोळे मिटत होते आणि अप्पा हलवून म्हणाले, "आता झोपू नकोस, आता भीमसेन बसतायत." आता रात्री दहाच्या लाऊडस्पीकरच्या नियमामुळे तशा रात्री होत नाहीत, म्हणजे मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित त्यांच्या खऱ्या वेळी समोर बसून ऐकणं अवघडच झालंय. याचं मला वाईट वाटतं. तुला तशी एक रात्र द्यायची होती.

आणि हो, लोक मध्येच "वा" का म्हणतात, हेही तू विचारलं होतंस, तुमच्या कॉन्सर्टमध्ये खोकलं तरी माणसं वळून बघतात. आमच्याकडे गाणाऱ्याला ते लागतं. समोरच्याला कळलं हे त्याला कळतं आणि तो आणखी खुलतो. तुला यायलाच पाहिजे असं काही नाही. निघालं तोंडातून तर निघू दे.

भूप आणि देसकारच्या दोन फाइल्स पाठवतोय, नावं काढून टाकली आहेत. नाही ऐकल्यास तरी मी विचारणार नाही. (आईला विचारेन कदाचित.) पण ऐकल्यास तर कुठल्यात तो गंधारावर जास्त रेंगाळतो तेवढं सांग, आणि शक्य झालं तर एखादी चेलोवर काढून बघ.

बाबा