लोकलमध्ये यो ला टेंगोचा शांत अल्बम पुटपुटल्यासारखा का वाटतो?

प्रश्न यो ला टेंगो या अमेरिकन रॉक बँडच्या, २००० साली आलेल्या ‘अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट’बद्दल आहे. आवाज वाढवूनही गाणी नीट ऐकू येत नाहीत, कारण डब्यातला खडखडाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि या अल्बमचा जीवही तिथेच आहे: बेस, ऑर्गन, ड्रम मशीनचा हलका ठोका आणि कानाशी बोलल्यासारखं गाणं.

आवाज वाढवू नका. नववं गाणं, ‘चेरी चॅपस्टिक’, एकदम मोठ्या गिटारचं आहे. तिथे कानठळ्या बसतील.

आधी इअरफोनची रबरी टोपी बदलून पाहा. कानात घातल्यावर बोटाने हलकेच दाबा. दाबताच बेस वाढला, तर टोपी लहान आहे, फट राहते आहे. एक माप मोठी घ्या, कानाची पाळी मागे ओढून बसवा. फोमची टोपी आणखी घट्ट बसते. नॉइज कॅन्सलिंग असेल तर उत्तमच, गाडीची एकसुरी घरघर त्याने बरीच कमी होते. मात्र रूळ ओलांडताना आणि फलाटावर इअरफोन काढाच.

तरीही पहिल्यांदा हा अल्बम रात्री घरीच ऐका, पंखा एकवर ठेवून. साधारण ७७ मिनिटं लागतात. शेवटचं ‘नाइट फॉल्स ऑन होबोकन’ १७ मिनिटांहून मोठं आहे. शब्द संपल्यावर वाद्यं कितीतरी वेळ हळूहळू पसरत राहतात, आणि दादर आलं म्हणून ते मध्येच तोडणं फार वाईट.