फ्रान्सच्या डोंगराळ भागात गाड्या नसलेल्या खडीच्या रस्त्यावर सायकल चालवायची आहे. पन्नाशीतल्या जोडप्याला कोणता मार्ग झेपेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की ठाण्यात रोज सकाळी दोघं सायकल चालवता पण घाटाची सवय नाही, यजमानांचे गुडघे कुरकुरतात, आणि लेक लियोंला शिकत असल्यामुळे त्याच बाजूचं चार-पाच दिवसांचं काहीतरी हवंय. या सगळ्यात बसणारं माझं उत्तर एकच आहे: लियोंच्या दक्षिणेकडच्या आर्देश जिल्ह्यातला ‘दोल्चे व्हिया’, म्हणजे जुन्या रेल्वेच्या पट्टीवरचा सायकलमार्ग. मी ग्रेनोब्लला राहते, जमेल तेव्हा तिकडे सायकल घेऊन जाते, म्हणून जरा तपशिलात सांगते.

आधी एक सावधगिरी. ‘ग्रॅव्हल’ म्हणून नेटवर जे सुंदर फोटो दिसतात, ते बहुतेक जंगलातल्या लाकूडतोडीच्या आणि शेताकडे जाणाऱ्या रस्त्यांचे असतात. ते ट्रॅक्टरसाठी काढलेले. ट्रॅक्टरला बारा-पंधरा टक्क्यांचा चढ म्हणजे किरकोळ. तिथे आपण मात्र खाली उतरून सायकल ढकलत असतो, आणि उतारावर सुट्या दगडांवरून चाक घसरतं. गाड्या नसतात हे खरं, पण गुडघ्यांचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. दुसरा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल तो कनाल द्यु मिदीचा. तो कालवा छान आहे, पण तिथे डोंगर नाहीत. शिवाय 2006 पासून तिथल्या चिनार वृक्षांना बुरशीचा रोग लागलाय आणि हजारो झाडं तोडावी लागली आहेत, त्यामुळे फोटोतली सावली आता सगळीकडे नाही.

तुम्हाला हवी आहे ती बंद पडलेली रेल्वे. आर्देशच्या डोंगरात 19व्या शतकाच्या अखेरीपासून मीटरगेज गाड्या धावत होत्या. 1968 मध्ये त्या बंद झाल्या, रूळ निघाले, पण आखणी जागेवर राहिली, आणि सगळी गंमत त्या आखणीतच आहे. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नाही. म्हणून लाईन टाकणाऱ्यांनी प्रत्येक ओढ्याच्या घळीत आत शिरून, पूल बांधून, पुन्हा बाहेर येऊन असा वळसा घेत घेत चढ पातळ केला. त्याच पट्टीवर आता बारीक खडी पसरून रोलरने दाबली आहे. सगळ्या फाट्यांसकट साधारण 90 किलोमीटर.

मार्ग सुरू होतो रोन नदीकाठच्या ला वूल्तला आणि एरियू नदीच्या खोऱ्यातून ल शेलारपर्यंत जातो. हे अंतर पन्नासेक किलोमीटर, आणि चढ सरासरी एक टक्क्याहूनही कमी. चढतोय हे कळतच नाही. फक्त थांबलात आणि मागे पाहिलंत की नदी बरीच खाली गेलेली दिसते. ल शेलारला फाटा आहे. एक वाट डोंगर ओलांडून लामास्त्रला उतरते, दुसरी सँ-आग्रेव्हला चढते. सँ-आग्रेव्ह हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे ल शेलारपासून सहाशे मीटरची चढाई, अडीच-तीन टक्क्यांच्या आसपासची. तुम्ही ठाण्याच्या, म्हणून सांगते: कसाऱ्याच्या थळ घाटात रेल्वेचा चढ 37ला 1 आहे, म्हणजे 2.7 टक्के. गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावावी लागतात तो हाच चढ. सायकलवर तो तोडून टाकत नाही, पण मध्ये सपाटीही देत नाही. वीसपेक्षा जास्त किलोमीटर पायडल मारत राहायचं. यजमानांच्या गुडघ्यांसाठी इथे बॅटरीवाली सायकल घ्या, आणि त्यात लाज कसली? इथे साठीतले निम्मे लोक तिच्यावरच असतात. 25 किमी वेगानंतर मोटर आपोआप मदत थांबवते, म्हणून कायद्याने ती सायकलच धरली जाते.

गाड्यांचं म्हणाल तर अशा मार्गांना इथे ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणतात आणि 2004 पासून वाहतुकीच्या नियमांतच त्यांची व्याख्या आहे: मोटार वाहनं बंद, चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा. घोडा दिसला तर घंटी वाजवू नका, हळू व्हा, लांबूनच ‘बोंझूर’ म्हणा, म्हणजे घोडा बिचकत नाही. डांबरी रस्ता आडवा येतो तिथे लाकडी अडसर असतात, आळीपाळीने डावी-उजवीकडून पुढे आलेले, गाडी आत शिरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल तिथे बरोबर अडकते. पिशव्या लहान ठेवा आणि अडसराशी उतरून जा. काही ठिकाणी मार्ग गावात शिरतो आणि तेवढ्यापुरता गाड्यांचा रस्ता वाटून घ्यावा लागतो, पण ते तुकडे लहान आहेत.

खडी कोरडी असते तेव्हा टायरखाली नुसता चर्र आवाज. पाऊस पडून गेला की तिची करडी लापशी होते आणि साखळीवर, ब्रेकवर, पोटऱ्यांवर चढते. रात्री मुक्कामाला नळ कुठे आहे ते विचारून साखळी धुवाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिअर कुरकुरतात. 38 ते 42 मिलीमीटरचे टायर पुरेसे. ठाण्यातली हायब्रिड सायकल विमानातून आणण्याचा खटाटोप करू नका, जवळच्या व्हलॉन्स शहरात किंवा खोऱ्यातच भाड्याने घ्या. बोगदे लहान आहेत, तरी पुढचा दिवा हवाच. ऑक्टोबरात वरच्या भागात चेस्टनटची काटेरी टरफलं वाटेवर पडलेली असतात, त्यामुळे पंक्चरचं सामान जवळ ठेवा.

कधी यायचं? मे-जून, नाहीतर सप्टेंबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यात ऊन कडक असतं, आणि लेझोलियेर गावाच्या आसपास शाळांच्या सुट्टीची इतकी गर्दी असते की निवांतपणा राहत नाही. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून येणारी दमट हवा या डोंगरांवर आदळते आणि एका दिवसात महिन्याभराचा पाऊस कोसळू शकतो. कोकणातल्या माणसाला पावसाचं काय कौतुक, पण इथले ओढे काही तासांत फुगतात. हवामानखात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी खोलीतच बसा. मार्चअखेरीस आलात तर एरियूच्या काठच्या पीचच्या बागा गुलाबी झालेल्या असतात. थंडी वाजते, पण ते पाहण्यासारखं आहे.

खाण्याचं मात्र लक्ष देऊन वाचा, कारण तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. इथे ‘कायेत’ नावाचा एक पदार्थ मिळतो. बाहेरून हिरवागार, पालेभाजीचा गोळाच वाटतो. आत डुकराचं मांस असतं. त्याऐवजी ‘क्रीक’ मागा: बटाटा किसून तव्यावर खरपूस भाजलेली जाड पोळी, लसूण-कोथिंबिरीसारखा पाला घालून. काही ठिकाणी अंडं घालतात, ते विचारून घ्या. ‘पिकोदों’ हे शेळीच्या दुधाचं छोटं चपटं चीज पावाबरोबर खाल्लं की दुपार निघते. चेस्टनटचा गोड मुरंबाही इथलाच. 1885 साली प्रीव्हासच्या क्लेमों फोझिएने तो बाजारात आणला. त्याच्या लहान ट्यूब मिळतात, खिशात ठेवून चढावर चाटायला उत्तम.

गावातली हॉटेलं बारा ते दोन जेवण देतात. सव्वादोनला पोचलात तर कॉफीवर समाधान मानावं लागतं, मग थेट सात वाजता. सोमवारी कित्येक बेकऱ्या बंद. म्हणून आधीच ल शेलारला पाव, चीज, फळं भरून ठेवा. पाण्यासाठी गावच्या दफनभूमीतला नळ बघा, जवळजवळ प्रत्येक गावात असतो. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

माझ्या मते आखणी अशी करा. लियोंहून रेल्वेने व्हलॉन्स, तिथून रोनच्या काठाने ‘व्हिया रोना’ या सायकलमार्गावरून ला वूल्त. तो तुकडा सपाट आहे, सायकलीची सवय व्हायला बरा. पहिला मुक्काम लेझोलियेर किंवा सँ-सोव्हर, दुसरा ल शेलार. तिसऱ्या दिवशी सामान ल शेलारलाच ठेवा, नुसती पाण्याची बाटली घेऊन सँ-आग्रेव्हला चढा आणि संध्याकाळी परत या. उतरताना ब्रेक फारसे लागत नाहीत. वर आभाळ स्वच्छ असेल तर 1753 मीटरचा मेझांक डोंगर दिसतो. गुडघे साथ देत नाहीत असं ल शेलारलाच वाटलं, तर वरचा चढ सोडा आणि आलात तसे परत फिरा. खालच्या खोऱ्यात जाताना न पाहिलेलं बरंच काही येताना दिसतं. ला वूल्तला प्रवासी रेल्वे थांबत नाही. परतीची गाडी नदीपलीकडच्या लिव्हरोंहून पकडा.