वरच्यांची खुर्ची सरकली की आपल्या डोक्यात आवाज, काय करावं?

प्रश्न : नमस्कार, यावल तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर सोडून आम्ही भुसावळला फ्लॅट घेतला. घर छान आहे पण आवाजाने जीव नकोसा झालाय. वरच्यांची खुर्ची सरकली, खलबत्त्यात काही कुटलं की थेट डोक्यात, रोडचे हॉर्न वेगळेच, आणि आमच्याच हॉलमध्ये टीव्ही इतका घुमतो की सासूबाईंना धड बोलणं कळत नाही. इंटेरियरवाले म्हणतात पीओपी सीलिंग करा, भिंतीला फोम लावा, सगळं बंद होईल. करावं का?

उत्तर : ताई, आधी अ‍ॅडव्हान्स देऊ नका. हे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

वरचा ठकठक आवाज हवेतून येत नाही, तो स्लॅबमधून येतो. काँक्रीट बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवतं पण ठोका मात्र जसाच्या तसा खाली पोचवतं, त्यात वर व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे अजूनच कडक. गावच्या घरी धाब्यावर मातीचा जाड थर असायचा, तो ठोका जिरवायचा. म्हणून याचा इलाज वरच्या घरातच होतो: खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूट आणि खलबत्त्याखाली जाड रबर नाहीतर दुहेरी घडीचं पोतं. रबरी बूट तुम्हीच घेऊन जा, चहाच्या वेळेला जा, भांडायला म्हणून जाऊ नका, शेजाऱ्याने ऐकून घेतलं की उरलेला आवाजसुद्धा कमी टोचतो हे मी खूप घरांत बघितलंय.

हॉलमधला घुमणारा आवाज तुमचा स्वतःचा आहे. गुळगुळीत टाइल, उघड्या भिंती, काचेचं टेबल, आवाज आपटून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि वयस्कर माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो. इथे जाड सतरंजी, कापडी सोफा, चुण्यांचे जाड पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट यांनी खरंच फरक पडतो. फोमही घुमणं कमी करतो पण बाहेरचा आवाज अडवत नाही, त्यासाठी वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट झालं तर पलीकडचा आवाज साधारण ५-६ डेसिबलने उतरतो, आणि कानाला निम्मा वाटायला जवळपास १० डेसिबल उतरावा लागतो. आता बघा, हलक्या फोमने काय होणार!

रोडचा आवाज बहुतेक खिडकीच्या फटीतून येतो. स्लायडिंग खिडकी कधीच पूर्ण बंद होत नाही, बाहेर उघडणारी, रबरी गॅस्केटची (कडेची फट दाबून बंद करणाऱ्या पट्टीची) खिडकी जास्त चांगली. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि कूलरला हवा बाहेर जायला वाट लागतेच, सगळं सील केलं तर घरात नुसता दमटपणा. म्हणून रोडकडची बेडरूमची खिडकीच बदला, हवेची वाट मागच्या बाजूला ठेवा, आणि कूलर ग्रिलला घट्ट बांधला असेल तर मध्ये रबर घाला, त्याची थरथर भिंतीत उतरते. रहिवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, म्हणजे झोपेची खोली आधी.

सीलिंग करायचंच असेल तर फक्त बेडरूमचं करा आणि कोटेशनमध्ये रॉकवूल (दगडी तंतूंची जाड गादी) आणि रबरी हँगर (फ्रेम स्लॅबला टांगायचे रबर लावलेले हूक) लिहून घ्या, स्लॅबला थेट ठोकलेल्या फ्रेममधून ठोका खाली येतोच.