मोठ्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची विंग ट्यूब वाकली, तर तिच्या जागी कार्बनची घालावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: विमान ९ किलोचं, पंखविस्तार २.२ मीटर, ५० सीसी पेट्रोल इंजिन. मूळची विंग ट्यूब (दोन्ही पंखांना धडातून जोडणारी नळी) हरवली म्हणून बाजारातून २५ मिमी व्यासाचा, दीड मिमी भिंतीचा अॅल्युमिनियमचा पाइप आणून घातला. साध्या लूपनंतर (हवेतल्या उभ्या गिरकीनंतर) विमान उतरवलं तेव्हा पाइप वाकलेला निघाला. आता कार्बनची ट्यूब घालून मोकळं व्हावं का?

माझं म्हणणं: कार्बन आत्ता नको. आधी स्लीव्ह (ट्यूब जिच्यात सरकते ती आतली नळी) आणि तिला धरणाऱ्या रिबा (पंखाला आकार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) तपासा. मग अॅल्युमिनियमचीच, पण योग्य मिश्रधातूची ट्यूब घाला.

मी हे इतक्या ठामपणे सांगतोय, कारण उलटं करून मी एक विमान गमावलंय. ट्यूब किंचित वाकली म्हणून मी दणकट ट्यूब आणली, ती मापात बसली आणि मी निश्चिंत झालो. गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका सड्यावर दुसऱ्याच उड्डाणात, लूपच्या तळाशी डावा पंख मुळापासून सुटला. अवशेष गोळा केले तेव्हा ट्यूब सरळ होती, तिच्यावर ओरखडाही नव्हता. स्लीव्ह मात्र तीन रिबा फाडून बाहेर आली होती. सड्यावर गुरं घेऊन आलेली मुलं बघायला उभी होती. विमान त्यांच्यापासून बरंच लांब पडलं, पण ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता तुमचे आकडे घेऊन ढोबळ हिशेब करू. लूपमध्ये विमानावर वजनाच्या सहापट भार आला असं धरा. म्हणजे ५४ किलो, प्रत्येक पंखावर २७. पंखाच्या उचलीचा मध्य मुळापासून साधारण ४५ सेंमीवर धरला तर मुळाशी १२ किलोग्रॅम-मीटर (बल गुणिले अंतर) इतकं वाकवणारं आघूर्ण येतं. तुमच्या मापाच्या पाइपमध्ये त्यामुळे जवळपास १९४ मेगापास्कल ताण निर्माण होतो. ६०६१-टी६ मिश्रधातू (टी६, टी५ म्हणजे उष्णता देऊन कठीण केल्याच्या अवस्था) २७६ पर्यंत तग धरतो, म्हणजे कायमचा वाकायला साडेआठपट भार लागेल. पण दुकानात पडद्यासाठी किंवा खिडकीसाठी मिळणारा पाइप बहुधा ६०६३ चा असतो, आपल्याकडच्या जुन्या क्रमांकात ६३४००. तो टी५ अवस्थेत १४५ लाच शरण जातो. म्हणजे साडेचारपट भाराला, साध्या लूपला. तुमचा पाइप का वाकला याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. दोन्ही पाइप दिसायला सारखे आणि वजनालाही सारखेच, हाताने कळत नाही. दुकानदाराकडे ग्रेड लिहून मागा. ६०६१ ला काही जण ६५०३२ किंवा एचई२० म्हणतात. शिवाय टी६ आहे ना, हे वेगळं विचारायचं.

दुसरा प्रश्न भिंतीचा. नळीची ताकद व्यासाने झपाट्याने वाढते, भिंत जाड केल्याने त्या मानाने कमी. ८५ सेंमी लांबीची तुमच्या मापाची ट्यूब २५४ ग्रॅमची होते. ३० मिमी व्यास आणि तीच दीड मिमी भिंत घेतली तर ३०८ ग्रॅम, आणि ताकद जवळजवळ दीडपट. २५ मिमीच ठेवून भिंत अडीच मिमी केली तरी ताकद तेवढीच येते, पण वजन ४०६ ग्रॅमवर जातं. कागदावर ३० मिमी जिंकते. तरी तुम्हाला मी अडीच मिमी भिंतीची २५ मिमीच सांगेन, कारण ३० साठी दोन्ही पंखांतली स्लीव्ह काढावी लागेल, रिबांची भोकं मोठी करावी लागतील आणि धडातलीही स्लीव्ह बदलावी लागेल. त्यात पंख एका रेषेत ठेवणं हे खरं कसबाचं काम. ९ किलोच्या विमानाला दीडशे ग्रॅम पेलतात. लूप, रोल एवढंच करत असाल तर ६०६१-टी६ ची दीड मिमीचीसुद्धा पुरेल.

एक सापळा सांगून ठेवतो. अनेक अमेरिकन किटमध्ये स्लीव्ह एक इंची असते, म्हणजे २५.४ मिमीची ट्यूब घेणारी. तिच्यात २५ मिमीची ट्यूब घातली की पंखाचं टोक दीडेक मिमी वरखाली हलतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेट्रोल इंजिनाच्या कंपनाने तो खेळ दर मिनिटाला स्लीव्हला ठोके देत राहतो. व्हर्नियर कॅलिपरने ट्यूब आणि स्लीव्ह दोन्ही मोजा, पट्टीने नाही.

आता स्लीव्ह. ट्यूब पंखात ३० सेंमी आत जात असेल तर सहापट भाराला ट्यूबच्या टोकाजवळच्या रिबेवर चाळीसेक किलोचा जोर खाली येतो आणि मुळाच्या रिबेवर त्याहून कमी जोर वर. आत फक्त २० सेंमी असेल तर टोकाजवळच्या रिबेवर साठ किलो. दणकट ट्यूब हा जोर कमी करत नाही. पूर्वी ट्यूब वाकून भार सोडून द्यायची, आता तोच भार लाकडावर जातो. मुळाच्या रिबेवर बोटाने टकटक करा, ट्यूब घालून पंख हलक्या हाताने वरखाली करा आणि कान द्या. करकर ऐकू आली तर कव्हरिंग कापून आत बघायलाच हवं. सुटलेला सांधा दिसला तर तिथे ३० मिनिटांचं इपॉक्सी, आणि टोकाजवळच्या बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) रिबेला दोन्ही बाजूंनी ३ मिमी प्लायचे तुकडे. स्लीव्ह चिकटवताना ट्यूबला मेण लावून ती आत ठेवा, दोन्ही पंख धडाला जोडा आणि शेपटीच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत दोरा लावून अंतर सारखं करा. पंखांना वर कोन असेल तर स्लीव्ह पंखाच्या पृष्ठभागाला समांतर नसते, हे विसरू नका.

ट्यूब घट्ट जात असेल तर ट्यूब घासू नका. काठीला सँडपेपर गुंडाळून स्लीव्ह आतून घासा. ट्यूबच्या कडा थोड्या गोल करा, नाहीतर ती दर वेळी स्लीव्ह कुरतडते. तेल नको, लाकडात मुरतं. साधी मेणबत्ती चोळा. पंख अडकवायचा स्क्रू ट्यूबमध्ये घ्यायचाच असेल तर भोक टोकाजवळ, धडाजवळ कधीच नाही, कारण सगळा भार तिथे असतो. पंख फिरू न देणं हे पिनांचं काम, ट्यूबचं नाही.

कार्बन मला का नको? चांगली कार्बन ट्यूब हलकी आणि ताठ असते, मान्य. पण लांबीच्या दिशेनेच तंतू असलेली नळी रिबेच्या कडेवर दाबली की उभी चिरते. तंतू तिरके गुंडाळलेली घ्यावी लागते आणि मुळाशी आतून लाकडी गट्टू बसवावा लागतो. अॅल्युमिनियम वाकून आधी सांगतं; कार्बन न सांगता तुटतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम गंजत जातं. म्हणून अॅल्युमिनियमच्या पाइपमध्ये कार्बनची नळी घालून मजबुती आणायची युक्तीही इथे नको. करायचीच झाली तर मध्ये ग्लासक्लॉथचा थर हवाच.

दमटपणाचं आणखी एक. कागदी फिनॉलिक (राळेत भिजवलेल्या कागदाची) स्लीव्ह मिरगानंतर फुगते आणि मे महिन्यात सहज जाणारी ट्यूब जुलैत अडकते. ती हातोडीने ठोकू नका, ट्यूब पंखात ठेवून पावसाळाही काढू नका. बाहेर काढा, पुसा, मेण लावून कपड्यात गुंडाळून ठेवा. स्लीव्ह बदलायचीच असेल तर फायबरग्लासची घाला, ती फुगत नाही.

चवथीनंतर सडे मोकळे झाले की पहिलं उड्डाण सौम्य ठेवा. दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांमुळे आपल्याकडे बराच भाग बंद असतो, त्यामुळे जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा. उतरल्यावर ट्यूब काढून काचेवर लोळवा. खाली फट दिसली तर ती ट्यूब पुन्हा घालू नका, आणि त्या फटीचं माप मला इथे नक्की कळवा.